पुरेसा वेग आणि अधिक वेग

बीएमडब्ल्यूच्या ३३०सीआय आणि एम३ या एकाच घरातल्या दोन कूपे. दोघी ई४६ पिढीच्या. दोघींचे उत्पादन २००० साली सुरू झाले आणि २००६ मध्ये थांबले. दोन दारे, चार आसने, पुढे एका रांगेत सहा सिलिंडरचे इंजिन, ताकद मागच्या चाकांना. ३३०सीआयचे इंजिन २९७९ सीसीचे आणि २३१ अश्वशक्तीचे. एम३चे ३२४६ सीसीचे आणि युरोपीय मापाने ३४३ अश्वशक्तीचे. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला पहिलीला साडेसहा सेकंद लागतात, दुसरीला ५.२. आज या दोन्ही गाड्या जुन्या बाजारातच मिळतात. तिथे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकापुढचा व्यवहाराचा प्रश्न साधा आहे: कोणती घ्यावी? त्याच्या पोटात मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. जे पुरेसे आहे ते समोर असताना अधिकाची इच्छा धरणे केव्हा शहाणपणाचे असते?

दोघींतला फरक खरा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. वैराग्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळदा इथेच घाई करतात आणि ‘शेवटी दोन्ही गाड्याच’ असे म्हणून मोकळे होतात. ते खरे नाही. ३३०सीआयच्या इंजिनात हवेची वाट उघडझाप करणारी झडप एकच. एम३मध्ये सहा सिलिंडरांना सहा स्वतंत्र झडपा. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा हलला तरी इंजिन त्याच क्षणी उत्तर देते, आणि हवा आत ओढली जातानाचा तो खरखरीत, धातूचा आवाज ३३०सीआयला कधीच काढता येत नाही. एम३चे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे आणि मध्यभागी फुगीर, चाकांवरचे पत्रे रुंद, पुढच्या पत्र्यांवर कल्ल्यांसारख्या खाचा, मागे चार सायलेन्सर नळ्या. दारे आणि छप्पर मात्र धाकट्या बहिणीसारखे. ३३०सीआयचा सर्वाधिक टॉर्क ३५०० आरपीएमलाच हाती येतो, म्हणजे रोजच्या चालवण्यात. एम३ची पूर्ण ताकद येते ७९०० आरपीएमला, लाल रेघेच्या अगदी तोंडाशी. एक गाडी सहज देते, दुसरी मागितल्यावर देते.

हा फरक प्रमाणाचा की जातीचा? अ‍ॅरिस्टॉटलने पदार्थांची वर्गवारी करताना एक कसोटी दिली आहे. गुणांना कमी-अधिकपणा असतो, द्रव्याला नसतो. पांढरे अधिक पांढरे होऊ शकते. माणूस अधिक माणूस होत नाही. या कसोटीने अश्वशक्ती हा गुण आहे आणि २३१ व ३४३ हे त्याचे दोन अंश. पण एम३ विकत घेणाऱ्याला कोणी ‘तुमच्याकडे थोडी जास्त जोरकस ३३०सीआय आहे’ असे म्हटले तर तो दुखावेल. त्याच्या लेखी ती गाडीच निराळी.

भारतीय न्यायपरंपरेने या दाव्याची तपासणी अधिक काटेकोरपणे करता येते. दहाव्या शतकातील मिथिलेचे उदयनाचार्य यांनी ‘किरणावली’त, एखादा सामान्य धर्म खरी जाती ठरायला कोणत्या गोष्टी आड येतात, याची गणना केली. त्यांतली एक म्हणजे संकर: दोन धर्म एकमेकांना सोडूनही राहतात आणि एकाच ठिकाणी एकत्रही सापडतात, तेव्हा त्यांना जाती मानता येत नाही. एम या अक्षराची अवस्था नेमकी अशी आहे. एम स्पोर्ट पॅकेज घेतलेल्या ३३०सीआयच्या स्टिअरिंगवर आणि चाकांवर एमचे चिन्ह असते, एमचे इंजिन नसते. मागचा बिल्ला काढून टाकलेल्या एम३मध्ये इंजिन असते, बिल्ला नसतो. आणि नेहमीच्या एम३मध्ये दोन्ही. उदयनाचार्यांचा नियम यंत्रांसाठी केलेला नव्हता, आणि इथे तो थोडा ताणूनच लावला आहे. तरी त्यातून एवढे निघते की ‘एमपणा’ नावाचे एकसंध तत्त्व गाडीत बसलेले नाही. काही भाग इंजिनात आहे, काही पत्र्यात, आणि बराचसा पाहणाऱ्याच्या मनात.

या अक्षराला एकेकाळी बाहेरचे, पक्के प्रयोजन होते. बीएमडब्ल्यूने मोटरशर्यतींसाठी १९७२ साली वेगळी कंपनी काढली, ती पुढे एम नावाने ओळखली गेली. पहिली एम३ १९८६ मध्ये निघाली ती ग्रुप ए शर्यतींत उतरण्याची परवानगी मिळावी म्हणून. त्यासाठी ५००० गाड्या रस्त्यावर विकणे नियमाने भाग होते. म्हणजे रस्त्यावरची गाडी साधन आणि शर्यत साध्य. ई४६ पिढीपर्यंत हे नाते सुटले होते. २००१ साली अमेरिकेतील ल मान्स मालिकेत उतरलेल्या एम३ जीटीआरमध्ये रस्त्यावरच्या एम३चे सहा सिलिंडरचे इंजिन नव्हतेच. तिथे आठ सिलिंडरचे व्ही८ बसवले होते. मूळ साध्य बाजूला झाले आणि साधन आपल्या पायावर उभे राहिले.

साधनाने साध्याची जागा घ्यावी, ही गोष्ट मोटारींच्या कितीतरी आधी अ‍ॅडम स्मिथने ओळखली होती. १७५९ साली निघालेल्या त्याच्या नैतिक भावनांवरील ग्रंथाच्या चौथ्या भागात घड्याळाचे उदाहरण येते. दिवसाला दोन मिनिटे मागे पडणारे घड्याळ एखाद्या शौकिनाला सहन होत नाही. तो ते एक-दोन गिन्यांना फुंकून टाकतो आणि पंधरवड्यात एका मिनिटापेक्षा जास्त न चुकणारे दुसरे पन्नास गिन्यांना घेतो. घड्याळाचे काम वेळ कळवण्याचे, म्हणजे ठरल्या ठिकाणी वेळेवर पोचता यावे यासाठीचे. पण हा गृहस्थ इतरांपेक्षा अधिक वक्तशीर असतोच असे नाही, आणि आत्ता किती वाजले याचीही त्याला फारशी फिकीर नसते. त्याला वेळ नको आहे. वेळ दाखवणाऱ्या यंत्राची परिपूर्णता हवी आहे. स्मिथचे निरीक्षण असे की, वस्तूची हेतूला असलेली नेमकी अनुरूपता माणसाला खुद्द हेतूपेक्षा अधिक मोहवते.

घड्याळाच्या जागी गाडी ठेवली तर गंमत वाढते. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जर्मन कंपन्यांनी आपापसातल्या समजुतीने गाड्यांच्या वेगाला ताशी २५० किलोमीटरची मर्यादा घातली. एम३ त्या वेगाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने अडवली जाते. ३३०सीआयचा नोंदलेला सर्वोच्च वेगही २५०च. म्हणजे वेगवान गाडी आणि तिच्याहून वेगवान गाडी यांचा कमाल वेग कागदावर एकच आहे. उरतो तो प्रवेग: १.३ सेकंद. जर्मनीत गावाबाहेरच्या सामान्य रस्त्यांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि एम३ हा वेग दुसऱ्या गिअरमध्येच ओलांडते. पुढचे चार गिअर कायद्याच्या दृष्टीने पेट्रोल वाचवण्यापुरते. ऑटोबानच्या मोकळ्या पट्ट्यांवर आणखी वाव मिळतो खरा, पण तिथेही पुढे ट्रक असतो, पाऊस असतो, रस्त्याचे काम चालू असते.

स्मिथच्या युक्तिवादाला एक वजनदार आक्षेप आहे. यंत्राच्या परिपूर्णतेत आनंद मानणे हा भ्रमच कशावरून? ८००० आरपीएमपर्यंत फिरणारे, दर लिटरला १००हून अधिक अश्वशक्ती देणारे, टर्बोचा आधार न घेणारे इंजिन ही अभियांत्रिकीची सुंदर कृती आहे. मंदिराच्या शिखरावरचे कोरीव काम पावसापासून बचाव करत नाही म्हणून कोणी त्याला व्यर्थ म्हणत नाही. हा आक्षेप मान्य करावा लागतो. पण तो मान्य केल्याने ग्राहकाची सुटका होत नाही, उलट त्याच्यावर जबाबदारी येते. सौंदर्याचा रसिक असल्याचा दावा करणाऱ्याने रसास्वाद घेतला पाहिजे. ज्याला त्या सहा झडपांचा आवाज ऐकायचा आहे त्याचा दावा खरा. ज्याला फक्त मागचा बिल्ला दिसायला हवा आहे त्याने सौंदर्यशास्त्राचा आडोसा घेऊ नये.

अ‍ॅरिस्टॉटलचा आणखी एक विचार इथे कामाला येतो. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या पहिल्या खंडात तो म्हणतो की, सद्गुण जवळ असणे आणि सद्गुण आचरणात आणणे यांत मोठे अंतर आहे. ऑलिंपिकमध्ये मुकुट मिळतो तो सर्वांत देखण्याला किंवा सर्वांत बलवानाला नव्हे, स्पर्धेत उतरणाऱ्यांपैकी जिंकणाऱ्याला. झोपलेल्या माणसाजवळही सद्गुण असू शकतो, त्याने काही घडत नाही. एम३ची ताकद ही अशी झोपलेली क्षमता आहे, आणि ती जागी करायला दोन गोष्टी लागतात: जागा आणि कसब. जागा मिळू शकते. नुरबुर्गरिंगचा सुमारे २१ किलोमीटरचा उत्तर मार्ग ठरावीक दिवशी पैसे भरून कोणालाही स्वतःच्या गाडीने चालवता येतो. कसब मात्र विकत मिळत नाही. वळणाच्या आधी ब्रेक कुठे सोडायचा, मागचा भाग घसरू लागला तर हात कसे चालवायचे, हे अंगात मुरायला काळ लागतो. तो मुरला नसेल तर ३३०सीआयची मर्यादाही चालकाच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे असते. सराव झालेला चालक ३३०सीआयमधून जे काढतो ते नवखा एम३मधून काढू शकत नाही. ही क्षमता माणसाची आहे आणि ती एका गाडीतून दुसरीत बरोबर येते.

स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसने हाच मुद्दा अभिमानाच्या अंगाने मांडला. त्याच्या शिकवणीच्या छोटेखानी संग्रहात आरंभीच एक घोडा येतो. घोड्याने स्वतःच्या देखणेपणाचा गर्व केला तर ते चालून जाईल, असे तो म्हणतो; पण मालक जेव्हा आपल्या देखण्या घोड्याचा तोरा मिरवतो, तेव्हा तो घोड्याच्या गुणावर स्वतःचे नाव लावत असतो. माणसाचे स्वतःचे काय, तर समोर आलेल्या गोष्टीचा तो कसा उपयोग करतो एवढेच. स्टोइकांचे हे म्हणणे कडक आहे, आणि ३४३ अश्वशक्तीचे अश्व फक्त नावापुरतेच असले तरी ते जसेच्या तसे लागू पडते. थोर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली दिखाऊ उपभोगाचा जो सिद्धान्त मांडला तो याच प्रवृत्तीचा सामाजिक हिशेब. त्यात इथे अधिक शिरण्याचे कारण नाही.

आतापर्यंतचा विचार नव्या गाडीलाही लागू होता. जुनी गाडी घेताना आणखी एक पेच उभा राहतो. कर्मसिद्धान्ताची मांडणी करताना भारतीय दर्शनांनी दोन दोष टाळण्याची दक्षता घेतली: कृतहानी, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ न मिळणे, आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ पदरी पडणे. नैतिक विश्वात हे दोष असता कामा नयेत असा आग्रह होता. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र दोन्ही राजरोस चालतात. इंजिन गरम होण्याआधी ते लाल रेघेपर्यंत रेटणारा पहिला मालक गाडी विकून मोकळा होतो. बेअरिंगची झीज तिसऱ्याच्या वाट्याला येते.

हे ओझे दोन्ही गाड्यांवर सारखे नसते. एम३च्या इंजिनाला १०डब्ल्यू-६० या जाड, महाग तेलाची गरज असते. झडपांची फट ठरावीक काळाने हाताने तपासून जुळवावी लागते. ३३०सीआयमध्ये हे काम हायड्रॉलिक यंत्रणा आपोआप करते. एम३च्या सुरुवातीच्या वर्षांतील इंजिनांमध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंग इतकी त्रासदायक ठरली की कंपनीला त्यासाठी दुरुस्तीची मोहीम काढावी लागली. ३३०सीआयही निर्दोष नाही. तिच्या इंजिनाची कूलिंग यंत्रणा प्लास्टिकच्या भागांमुळे वयानुसार दगा देते, आणि मागचा सबफ्रेम जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो तिथला पत्रा तडकण्याचा दोष ई४६ पिढीत दोघींना आहे. जोर जास्त असल्याने एम३मध्ये त्याची भीती अधिक. शिवाय, जुनी झाल्यावर गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची आणि मजुरीची उतरत नाही. विकत घेण्याची ऐपत आणि सांभाळण्याची ऐपत यांतली ही फट अनेकांना उशिरा दिसते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतले राजस सुख विषय आणि इंद्रिये यांच्या संयोगातून उपजते. आरंभी ते अमृतासारखे, परिणामी विषासारखे. एम३ चालवण्याच्या सुखाचे वर्णन म्हणून हे वाचले तर ते अतिशयोक्त वाटेल, आणि तसे ते आहेही. परंतु या वर्गीकरणातला काळाचा मुद्दा मोलाचा आहे. सुखाची परीक्षा पहिल्या फेरीत होत नाही. ते पुढे कोणते रूप घेते यावर त्याचा प्रकार ठरतो. टेस्ट ड्राइव्ह हे साधन म्हणूनच फसवे: त्यात सुखाचा केवळ आरंभ हाती येतो.

गेल्या काही वर्षांत एम३च्या बाबतीत आणखी एक उलटापालट झाली. ती संग्राह्य वस्तू ठरली आणि चांगल्या राखलेल्या गाड्यांच्या किमती चढू लागल्या. २००३ सालच्या हलक्या एम३ सीएसएलच्या फक्त १३८३ प्रती निघाल्या; तिची गोष्ट तर वेगळीच. पण किंमत चढू लागली की मालक ओडोमीटरकडे पाहू लागतो. प्रत्येक किलोमीटर म्हणजे मूल्यातली घट. गाडी आच्छादनाखाली जाते, आणि जी क्षमता वापरायची म्हणून अधिक पैसे मोजले ती वापरापासूनच जपावी लागते. अ‍ॅरिस्टॉटलचा झोपलेला सद्गुण इथे मुद्दाम झोपवून ठेवलेला असतो. ३३०सीआयला हे दुर्दैव अजून आलेले नाही. ती आजही चालवली जाते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, स्वस्तातली गाडी घेणे म्हणजे संतोष आणि महागडी घेणे म्हणजे तृष्णा. जैन विचार हा निष्कर्ष टिकू देत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूत अडकलेले मन, हाच परिग्रह. या अर्थाने ३३०सीआय चालवता चालवता सतत एम३चे फोटो पाहणारा, गाडीला एम३सारखा बंपर लावणारा आणि सिग्नलला शेजारी एम३ आली की खट्टू होणारा माणूस एम३चा परिग्रह बाळगूनच असतो, फक्त किल्ली त्याच्याकडे नसते. उलट, एम३ वापरून, झिजवून, वेळ आली की शांतपणे विकणारा मालक अधिक मोकळा असू शकतो. पतंजलीने नियमांमध्ये सांगितलेला संतोषही परवडत नाही म्हणून पत्करलेल्या तडजोडीचे नाव नाही. परवडत असताना, फरक डोळ्यांनी पाहून, ‘एवढे पुरे’ म्हणता आले तर त्याला संतोष म्हणावे.

मर्यादा केव्हा ठरवायची, याचे उत्तर जैन गृहस्थाच्या पाच अणुव्रतांपैकी परिग्रह-परिमाण या व्रतात आहे. किती बाळगायचे ते वस्तू समोर येण्याआधी ठरवायचे. समोर आल्यावर ठरवलेली मर्यादा वस्तूच ठरवते. ३३०सीआय एकटी पाहिली तर तिच्यात काही कमी आहे असे कोणाला वाटत नाही. साडेसहा सेकंद हा काळ कोणत्याही कामाला अपुरा पडत नाही. ती कमी भासते ती एम३ शेजारी उभी राहिल्यावर. म्हणजे ज्या उणिवेवर एम३ हा इलाज म्हणून विकली जाते, ती उणीव एम३नेच निर्माण केलेली असते. म्हणून शोध सुरू करण्याआधी गाडी कुठे, कशासाठी आणि वर्षातून किती वेळा चालवायची हे कागदावर लिहून काढणे, ही या प्रश्नातली सर्वांत उपयोगी तात्त्विक कृती ठरते.

त्या कागदावर बंदिस्त शर्यतमार्ग नेमाने येत असेल, झडपा, बेअरिंग आणि तेल यांचा खर्च खरेदीच्या पैशांपासून वेगळा बाजूला ठेवलेला असेल आणि किलोमीटर वाढल्याचे दुःख होणार नसेल, तर एम३ घ्यावी. तिच्यातला फरक खरा आहे आणि अशा माणसाला तो भोगता येईल. ज्यांच्या कागदावर कचेरी, घाटरस्ता आणि अधूनमधून लांबचा प्रवास एवढेच आहे, आणि बहुतेकांच्या कागदावर तेवढेच असते, त्यांनी देखभालीची कागदपत्रे पूर्ण असलेली ३३०सीआय घ्यावी. आणि मागच्या सबफ्रेमखालचा पत्रा लिफ्टवर चढवून तपासल्याशिवाय दोहोंपैकी कोणत्याही गाडीचे पैसे देऊ नयेत.